जागा कुणी खाल्ली?

बायको पुलांचे नकाशे काढायची. संध्याकाळपर्यंत एक नकाशा पाठवायचा होता आणि तिचा कॉम्प्युटर तो सेव्हच करून घेईना. डिस्कवर जागा नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"सरक," नवरा म्हणाला. तो एका कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायचा. घरात त्याची अशी गरज क्वचितच पडे. त्यानं कमांड द्यायची काळी खिडकी उघडली आणि 'डीयू' अशी दोन अक्षरं टाइप केली.

"हे काय आता?"

"कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्लीय ते ही कमांड मोजून देते. चोर लगेच सापडतो."

"मग पकड आणि ऊठ. माझा खांब अर्धा राहिलाय."

जुन्या नकाशांच्या जादा प्रती सापडल्या. त्या उडवल्यावर जागा झाली. त्यानं तिथंच थांबायला हवं होतं. पण पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून त्यानं एक सोय करून ठेवली: दर मिनिटाला सबंध डिस्कची आपोआप मोजदाद आणि एकेका फाइलच्या नावानिशी अहवाल. मग हात धुऊन समाधानानं जेवायला बसला.

जेवणं आटोपेपर्यंत डिस्क पुन्हा भरली.

"तू जागा केलीस की भरलीस?" बायकोनं विचारलं.

त्यानं पुन्हा शोध घेतला, तोही फक्त तिच्या फोल्डरमध्ये. चोर तिथंच असणार याबद्दल त्याला शंका नव्हती. या वेळी सहलींचे व्हिडिओ गेले. तासाभरानं तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा बायको साहेबांकडे फोनवर मुदत मागत होती. विचारायला कुणी नव्हतं. एक अवाढव्य ध्वनिफीत दिसली, नावाच्या जागी नुसते आकडे. त्यानं थोडीशी ऐकली. खर्रर्र... मग शांतता... मग फुस्स. माईक बिघडला असणार, असं म्हणून त्यानं ती उडवली. काळी खिडकी 'नक्की ना?' असं विचारत नाही, आणि तिच्याजवळ कचऱ्याची टोपलीही नसते.

बायको फोन ठेवून आली. पडद्यावरचे आकडे तिनं दोनदा वाचले.

"ते घोरणं होतं," ती म्हणाली. "बाबांचं. डॉक्टरांना ऐकवायला रात्रभर रेकॉर्ड केलेलं."

सासरे गेल्याला वर्ष होत आलं होतं. प्रत्येक समारंभात कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा, त्यामुळे ते स्वतः कुठंच नव्हते. ना चेहरा, ना आवाज.

"परत आणता येतं," तो घाईनं म्हणाला. "फक्त त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं नसलं पाहिजे."

आता कुठं त्यानं सबंध डिस्क तपासली. सगळ्यात मोठी फाइल म्हणजे दर मिनिटाला वाढत गेलेला त्याचाच अहवाल होता. जेवणापासून सगळी जागा त्या अहवालानंच खाल्ली होती, आणि आता तो मोकळ्या झालेल्या जागेवरही सुखानं पसरला होता.

"चोर सापडला का?" बायकोनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्तच लागलं.

अहवाल पुसल्यावर नकाशा एका झटक्यात सेव्ह झाला. आनंद कुणालाच झाला नाही.

सासूबाई आतल्या खोलीतून आल्या. "घरात एवढं सामसूम का?"

"आई, माझ्याकडून बाबांचं घोरणं पुसलं गेलं," जावयानं सांगून टाकलं.

"घोरणं? ते कशाला जपून ठेवलेलं?" त्या खुर्चीत टेकल्या. "जन्मभर उशाशी ऐकलंय मी. असं होतं बघा."

त्यांनी डोळे मिटले, मान एका खांद्यावर टाकली. खर्रर्र... मग शांतता, मन घाबरं व्हावं इतकी लांब. मग फुस्स. हुबेहूब. मुलीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं पदराला डोळे पुसले.

"आई, पुन्हा एकदा कर ना."

सासूबाईंनी पुन्हा केलं. मग आणखी एकदा. "बस झालं आता, आई," थोड्या वेळानं मुलगी म्हणाली. पण खर्रर्र चालूच राहिलं. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता आणि हात मांडीवर सैल पडला होता.

दोघं ऐकत बसले.