अर्ध्या शटरांचा दुखवटा

सर्वसाक्षी काळास वंदन करून लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, वैशाखमासी, पेठेचे राज्यी आमचे तीर्थरूप सदोबा तांबट भांडी विकीत होते. या राज्याची तटबंदी म्हणजे लोखंडी शटरे. शटर वर म्हणजे राज्य नांदते, खाली म्हणजे रात्र अथवा मृत्यू. पेठेतले कोणी वारले तर प्रेत जाईतो शटर पूर्ण ओढावे, ऐसा जुना कायदा. मग लोभी मुत्सद्दी निपजले आणि त्यांनी अर्धे शटर काढिले, वरून दुखवटा आणि खालून विक्री, आणि गिऱ्हाईक कमरेत वाकून साखर नेऊ लागले.

एके दिवशी पेठेतला भिवा हमाल वारला. पेठेने अर्धीही शटरे ओढिली नाहीत आणि तीर्थरूपांनी एकट्यांनी पूर्ण ओढिले. तो किराणासरदार अंकुशराव शेटे हसून बोलिले, "सदोबा, हमालासाठी अख्खं शटर? उद्या मी गेलो तर काय दुकान पाडणार?"

"तू आधी जा तर खरं, मग बघू," तीर्थरूप बोलिले, आणि पायरीवर बसून चहा प्याले. आम्ही शेजारी होतो, काही बोलिलो नाही.

दुसरे दिवशी पहाटे तीर्थरूप कैलासवासी जाहले. पुत्र नव्हता, सबब मडके आम्ही धरिले, आणि यात्रा पेठेत आली तो सर्व शटरे अर्धी, आणि खालून गिऱ्हाइकांचे पाय दिसत, आणि तराजू वाजत. मग आम्ही थांबलो आणि तिरडी थांबली.

अंकुशराव वाकून बाहेर आले. "ताई, चला ना. दुखवटा पाळलाय की, अर्धं खाली आहे!"

"काका, माझे वडील अर्धे गेलेत का?"

मग आम्ही मडके भुईवर ठेविले आणि अंकुशरावांचे शटर दोन्ही हातांनी जमिनीपर्यंत ओढिले. आतून गिऱ्हाईक ओरडले, "अहो, मी आत आहे!" आणि कोणी हसले नाही. मग शेजारचे शटर आपोआप पडले, मग त्यापुढचे, आणि पेठ निःशब्द जाहली.

तात्पर्य, लाज वाटली म्हणून का होईना, राज्याने कायदा पाळिला. हे तीर्थरूपांनी पाहिले नाही, याचा संताप अद्याप आहे. त्या शांततेत आम्ही तिरडीपाशी गेलो आणि सर्वांदेखत बोलिलो,

"आप्पा, काल भिवासाठी शटर ओढलंत ना, तेव्हा तुमची मुलगी असल्याचा मला माज आला होता."