दाभाडेबाईंना खुलासा पाहिजे

आमच्या वरच्या मजल्यावरच्या दाभाडेबाई पुस्तक कधी बसून वाचत नाहीत. गॅलरीत उभ्या राहतात, पदर कमरेला खोचतात, पुस्तक डाव्या हातात धरतात आणि उजवा हात मोकळा ठेवतात. उजवा हात लेखकाला जाब विचारायला लागतो. "बसून वाचलं की लेखक डोक्यावर बसतो," असं त्यांचं म्हणणं. "उभं राहिलं की बरोबरीचं काम होतं."

सिडकोतल्या ह्या बिल्डिंगमध्ये आम्ही नवीन राहायला आलो, त्याच आठवड्यात एका दुपारी वरून आवाज आला, "लाज नाय वाटत? चांगल्या धडधाकट पोरीचं हे काय केलं रे तू?" माझ्या बायकोनं मला वर पिटाळलं. दार उघडंच होतं. गॅलरीत बाई एकट्याच उभ्या, हातात जाडजूड कादंबरी.

"काय झालं हो?" मी धापा टाकत विचारलं.

"मारली की पोरीला! शिकवली, बँकेत नोकरीला लावली, आन् एकदम नेऊन विहिरीत ढकलली. का, तर ह्याला शेवट सुचंना." त्यांनी पुस्तक माझ्या नाकासमोर धरलं, जसं काही मीच लिहिलं होतं. "ह्याचा खुलासा पाहिजे."

खुलासा हा बाईंचा नोकरीतला शब्द. जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेला. जरा चूक झाली की साहेबाचा कागद यायचा, 'खुलासा सादर करावा'. "लई खुलासे दिले," बाई म्हणतात, "आता मागायची पाळी माझी." त्या काळी कानाला हेडफोन लावून दुनियेचं बोलणं ऐकायचं आणि मधे अवाक्षर काढायचं नाही, असा कायदा होता. सोयरिकी मोडताना त्यांनी ऐकल्या, भावाभावांच्या तक्रारी ऐकल्या. एक गृहस्थ बायकोला सांगत होता, मी मुंबईहून बोलतोय. "आन् फोन आलेला जालन्याहून, लावून दिलेला म्या! जीभ नुसती वळवळत होती, पण बोलायची मनाई." रिटायर झाल्यावर ती सगळी साठलेली बोलणी पुस्तकांच्या वाट्याला आली.

बाईंनी लग्न केलं नाही. का, ते विचारायची बिल्डिंगमध्ये कुणाची छाती नाही.

कादंबरी, चरित्र आणि यशस्वी होण्याची पुस्तकं, तिन्ही त्या सारख्याच तावातावानं वाचतात. चरित्रावर त्यांचा विशेष राग. "हा म्हणे लहानपणी कधी खोटं बोलला नाय, कुणाची पेन्सिल घेतली नाय, आईला उलटून बोलला नाय. हे लेकरू हाय का शाळेतला सुविचार?" यशाच्या पुस्तकांत पहाटे चारला उठायला सांगतात, त्यावर एकदा त्या माझ्यावरच उखडल्या. "माझी माय जन्मभर चारला उठली. सरपण आणलं, दळलं, पाणी भरलं. तिच्या यशाचं पुस्तक कुठं हाय? दाखवा." मी विम्याच्या ऑफिसात कामाला आहे, साडेसातला उठतो.

औरंगपुऱ्यात एका क्लासच्या हॉलमध्ये दर रविवारी आमचं वाचक मंडळ भरतं. मी त्याचा चिटणीस. एकदा चुकून बाईंना घेऊन गेलो आणि मंडळाची शांतता गेली ती गेलीच. त्याआधी आमचं बरं चाललं होतं. कुणीही कुठलंही पुस्तक वाचून यायचं आणि ते 'अंतर्मुख करतं' असं सांगायचं. मग चहा व्हायचा. बाईंनी पहिल्याच रविवारी विचारलं, "अंतर्मुख म्हणजे नेमकं काय होतं हो तुम्हाला? पोटात कालवतं का झोप येती?" सांगणारे गृहस्थ महिनाभर फिरकले नाहीत.

जाताना त्या माझ्या स्कूटरवर मागं बसतात आणि रस्ताभर माझ्या कानात परीक्षण करतात. सिग्नलला थांबलो तरी चालूच. एकदा शेजारच्या रिक्षावाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हिरवा दिवा लागल्यावर विचारलं, "फिर क्या हुआ अम्मा, वो लौटके आया क्या?" बाईंनी स्कूटरवरूनच ओरडून सांगितलं, "आया, लेकिन मरद जैसा नहीं आया!" मागं हॉर्न वाजत होते. रिक्षावाला हळहळला. त्याच्याइतका मन लावून प्रतिसाद देणारा आमच्या मंडळात एकही नाही.

तर खरी भानगड झाली ती रंगनाथराव पोफळ्यांच्या पुस्तकावरून. रंगनाथराव मूळचे करमाडचे. आता शेंद्र्याला त्यांचा नट-बोल्टचा मोठा कारखाना आहे. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, 'बोल्टपासून बंगल्यापर्यंत'. त्याच सुमारास क्लासवाल्यांनी आम्हाला हॉल सोडायला सांगितला होता. आमचे अध्यक्ष जोगदंड सर, रिटायर मुख्याध्यापक, ते रंगनाथरावांना जाऊन भेटले. रंगनाथराव म्हणाले, माझ्या नव्या इमारतीत एक खोली मंडळाला देऊ, कपाटंही देऊ. सरांनी लगेच त्यांच्या पुस्तकावर कार्यक्रम ठरवला. शाल, नारळ, सगळं.

आदल्या संध्याकाळी सरांचा मला फोन. "शिंदे, तुमच्या वरच्या मजल्याला आवरा."

मी वर गेलो. बाई पुस्तक वाचतच होत्या, उभ्यानं. मी म्हटलं, "बाई, उद्या जरा गप बसायचं हं. खोलीचा प्रश्न आहे."

"व्हय की," त्या म्हणाल्या, "आपलं काय. ह्या पुस्तकानं गप बसू दिलं तर बसते."

रविवारी हॉल भरला. रंगनाथराव पांढऱ्या कपड्यांत, पहिल्या रांगेत घरची मंडळी, कारखान्याचा मॅनेजर. आमच्या सभासदांनी एकामागून एक उठून सांगितलं की पुस्तक प्रेरणादायी आहे, एका बैठकीत वाचून होतं आणि अर्थातच अंतर्मुख करतं. मी तिरक्या नजरेनं बाईंकडं बघत होतो. त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या. जोगदंड सर आभाराला उठले, मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी बाई उभ्या राहिल्या.

"एक विचारायचं होतं."

"वेळ संपलीय बाई," सर म्हणाले.

"बारकं हाय." त्यांनी पुस्तक उघडलं. "तुम्ही लिहिलंय, घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे बहिणीची शाळा बंद करावी लागली. बस, एवढीच ओळ. आन् लगेच पुढं तुमच्या पहिल्या लेथ मशीनची माहिती. मशीनची कंपनी हाय, मशीनचा रंग हाय, मशीनला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले, ते पण हाय. बहिणीचं नाव काय हो?"

मॅनेजर अर्धवट उठला. रंगनाथरावांनी त्याला हातानं बसवलं.

"शांता," ते म्हणाले. इतका वेळ छान पुस्तकी बोलत होते, ते एकदम गावाकडचे झाले. "हाय ती. करमाडलाच असती."

"मग पुढच्या आवृत्तीत घाला," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

चहा कुणी नीट प्यायला नाही. रंगनाथराव शाल खांद्यावर तशीच ठेवून निघून गेले. खोलीचं पुढं काही झालं नाही, मॅनेजर 'बघू' म्हणाला ते अजून बघतोय. शेवटी क्लासवाल्यांनाच दया आली आणि हॉल राहिला. पण त्या दिवशी मला हे थोडंच माहीत होतं! परतताना मी स्कूटरवरून चिडून म्हणालो, "एक दिवस गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"भाऊ," मागून आवाज आला, "गप बसून खोली घ्यायची असंल तर तिच्यात पुस्तकं कशाला ठेवता? गहू भरा."

सरांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, 'काही सभासदांनी काही काळ विश्रांती घ्यावी.' बाईंनी खाली विचारलं, 'कोणी? नाव लिहा. खुलासा पाहिजे.' नाव लिहायची सरांची हिंमत झाली नाही. पुढच्या रविवारी बाई सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत मधोमध बसल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या बिल्डिंगसमोर मोठी मोटार उभी राहिली. आतून लुगडं नेसलेली म्हातारी बाई उतरली, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला म्हणाली, "भाऊ, नाव इचारणारी बाई हितंच ऱ्हाती का?"

त्या शांताबाई होत्या. मी त्यांना वर घेऊन गेलो. दाभाडेबाईंना वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी पदर खोचला.

शांताबाई दारातच म्हणाल्या, "भाऊ घरी आलता माझ्या. कवा येत नाय, आला. भाकर खाल्ली. मला म्हणला, शांते, भर सभेत एका बाईनं तुझं नाव इचारलं, मला मान वर करता येईना. म्हणलं बघून तरी यावं, कोण बाई हाय."

मला वाटलं, आता बाई काहीतरी फर्मास बोलतील. पण त्या "पाणी आणते," एवढं पुटपुटून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. शांताबाईंनी फडकं सोडलं. आत 'बोल्टपासून बंगल्यापर्यंत'. "भाऊनं दिलंय," त्या म्हणाल्या. "मला अक्षर कळत नाय. वाचून दावता का?"

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मोटार यायला लागली. वरून बाईंच्या वाचण्याचा आवाज यायचा. ओरडणं नाही, खुलासा नाही. पहिल्यांदाच त्या एखाद्या लेखकाला न अडवता पुढं जाऊ देत होत्या. माझी बायको म्हणाली, "बाईंची तब्येत बरी आहे ना?"

पुस्तक तसं बारीक. मी दोन संध्याकाळींत वाचलं होतं, त्यातही निम्मे फोटोच. पण थंडीत सुरू झालेलं वाचन आंब्याचे दिवस आले तरी संपेना. एका शनिवारी बायकोनं पन्हं दिलं, ते घेऊन मी वर गेलो. दाराशीच थबकलो.

बाई वाचत होत्या, "शांतानं मला पाठुंगळी घेतलं आणि ओढा ओलांडून शाळेत नेऊन सोडलं. तिच्या पायात वहाण नव्हती. मी आत बसलो आणि ती बाहेर, खिडकीखाली, शाळा सुटेपर्यंत उभी राहिली."

असलं पुस्तकात काही नाही. मी शपथेवर सांगतो. त्यात शांताबाईंवर ती एकच ओळ आहे. बाईंच्या हातात उघडं होतं ते पान बंगल्याच्या वास्तुशांतीचं होतं, फोटोसुद्धा मला दिसत होता.

"वढा नव्हता," शांताबाई म्हणाल्या. "नाला व्हता."

"छापणाऱ्यानं चूक केली असंल," बाई म्हणाल्या आणि गंभीरपणे पान उलटलं. "मग? पुढं काय झालं व्हतं, आठवतंय का तुम्हाला?"

आणि शांताबाई सांगायला लागल्या. बाई ऐकत होत्या, बोट पानावर तसंच.

त्या दिवशी शांताबाईंना जिना उतरायला हात द्यायला मी सोबत गेलो. मला राहवेना. म्हटलं, "शांताबाई, छान आहे का भावाचं पुस्तक?"

त्या मधल्या पायरीवर थांबल्या. वर बघितलं, बाई गॅलरीत गेल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पुस्तक कवाच सरलं. भाऊनं दिलं त्याच दिवशी माझ्या नातीनं आख्खं वाचून दावलं मला. माझ्यावर त्यात एकच वळ हाय, मला ठावं हाय की."

"मग त्या दिवशी वाचून दाखवा म्हणालात ते?"

"काय करू मंग? मी दारात उभी. बाई आत जाऊन रडायला लागली, मला दिसत व्हतं. वट्यावर एकच कप, एकच ताट. कुणी येत-जात असल्याची खूण नाय घरात." त्या गुडघ्यावर हात ठेवून पुढची पायरी उतरल्या. "नुसतं बसायला येते म्हणलं असतं, तर ती कशाची हो म्हणती! लई ताठ हाय. म्हणून म्हणलं, वाचून दावा. आता मी मागलं सांगती, पुढल्या बारीला ती तेच मला वाचून दावती. बरं वाटतं आम्हा दोघीला. तुम्ही बोलू नका बरं का काई."

मी मान डोलावली. ड्रायव्हरनं दार उघडलं. शांताबाई आत बसणार, तेवढ्यात वरून बाईंचा आवाज आला, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा.

"शांताबाई, शनिवारी उशीर करू नका! अजून लई पानं राहिलीत!"

शांताबाईंनी कपाळाला हात लावून, उन्हातून वर बघितलं.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या, "येते लवकर."