घरी सोडलेल्या मिलुंकाबाई

आतड्याच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर सहाव्या दिवशी, सकाळी दहा वाजता, मिलुंकाबाईंना बरे करून घरी सोडण्यात आले. तशी नोंद संगणकात आहे. त्या वेळी बाई चौथ्या मजल्यावर सात नंबरच्या खाटेवर होत्या, अंगात एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या वर ताप होता आणि पोट फळीसारखे कडक झाले होते.

त्यांचे यजमान रादोये, मोरावा नदीकाठच्या आमच्या शहरातले निवृत्त बसचालक, खाटेशी बसून त्यांच्या ओठांना ओला बोळा लावत होते.

"आतले टाके सुटलेत बहुतेक," सिस्टर गोर्दाना त्यांना बाजूला घेऊन म्हणाली. "रक्त तपासायला हवं, पण लॅबवाले नमुना घेत नाहीत. म्हणतात, पेशंट घरी गेली."

रादोये नोंदणीच्या खिडकीवर गेले.

"या ऑपरेशनला पाच दिवस मंजूर आहेत," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "सहाव्या दिवशी संगणक आपोआप घरी सोडतो."

"पण ती वर आहे."

"वर असेल. इथे नाही."

"मग परत दाखल करून घ्या."

"फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आणा."

फॅमिली डॉक्टर दोन रस्ते पलीकडे बसत. ते म्हणाले, "तपासल्याशिवाय चिठ्ठी कशी देऊ? कुठे आहे ती?"

"हॉस्पिटलात."

"मग चिठ्ठी कशाला हवी?"

रादोयेंना या बोलण्यात काही चूक काढता आली नाही. तेच त्यांना जास्त लागले.

मोठे सर्जन परिषदेला गेले होते. परिषदेचा विषय होता, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे वेळीच निदान. त्यांच्या जागी असलेल्या तरुण डॉक्टरने पोटाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "पुन्हा उघडावं लागेल. आजच. पण घरी असलेल्या बाईचं ऑपरेशन मी कुठल्या कागदावर करू?"

गोर्दाना चाकांची खुर्ची घेऊन आली. "तातडीच्या विभागात चिठ्ठी लागत नाही," ती म्हणाली. "फक्त बाहेरून यावं लागतं."

"कुठे नेतोयस?" रादोये खुर्ची ढकलू लागले तसे मिलुंकाबाईंनी विचारले.

"बाहेर."

"एवढ्यात कंटाळलास मला?"

मुख्य दारातून बाहेर पडून इमारतीला अर्धा वळसा घालायचा होता. वाट खडबडीत होती. प्रत्येक धक्क्याला बाई डोळे मिटून घेत.

"रादोये, तू घाबरलायस."

"रस्ता वाईट आहे."

"आता फरशी लागली. तरी खुर्ची थरथरतेय."

रादोयेंनी खुर्चीचा दांडा आणखी घट्ट धरला. बत्तीस वर्षे बस चालवताना त्यांचे हात कधी थरथरले नव्हते.

तातडीच्या विभागात बाईंना लगेच आत घेतले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिले आणि त्या रादोयेंवर कडाडल्या, "अशा अवस्थेत इतका वेळ घरी काय ठेवून घेतलंत? शरम वाटत नाही?"

"वाटते," रादोये म्हणाले आणि त्यांनी दाखल करण्याच्या कागदावर सही केली.

दुपारी दोन वाजता पुन्हा ऑपरेशन झाले. चार दिवस बाई श्वासाच्या यंत्रावर होत्या. पाचव्या दिवशी डोळे उघडून त्यांनी पहिल्यांदा काय पाहिले, तर दाढी वाढलेला नवरा. "कोण वारलं?" त्यांनी विचारले. रादोये हसले, मग बाहेर जाऊन बराच वेळ रडले.

सात आठवड्यांनी बाई खरोखरच घरी आल्या, पोटावर शौचाची पिशवी घेऊन. ती बदलायला रादोये शिकले. पहिल्यांदा त्यांनी ती तिरपी लावली, तेव्हा बाई म्हणाल्या, "बसही अशीच लावायचास थांब्यावर." आता ती सरळ लागते.

ही हकीकत मी जिथे सांगतो तिथे लोक लालबुंद होतात. आवाज उठवला पाहिजे, म्हणतात. त्या खिडकीवर आजवर एकही तक्रार गेलेली नाही. मग एकेक जण मला कोपऱ्यात घेतो आणि हळूच विचारतो, त्या सिस्टर गोर्दानाचा नंबर आहे का तुमच्याकडे. तुम्हीही विचारायच्या आधी सांगून टाकतो, हल्ली ती अनोळखी फोन उचलत नाही.