ब्रेकला तेल

मास्तरांचे सासरे जिना चढून वर आले, तेव्हा त्यांच्या हातांना तेल लागलं होतं आणि चेहऱ्यावर गेल्या तीन महिन्यांत न दिसलेलं समाधान होतं. मास्तरांना दोन्ही गोष्टी दिसल्या, पण त्यांनी त्यांचा एकमेकींशी संबंध जोडला नाही. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने असा ढळढळीत कार्यकारणभाव नजरेआड करायला नको होता, असं त्यांना पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं.

"उद्या गाडी काढाल तेव्हा बघा," एवढंच म्हणून सासरे हात धुवायला गेले.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली होती. सासूबाई गेल्या आणि मुलीने त्यांना दुकान बंद करायला लावून आपल्याकडे आणलं. येताना त्यांनी कपड्यांचे चार जोड आणि लांब चोचीची तेलाची कुपी एवढंच सामान आणलं. सुरुवातीला ते दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राहायचे. मग एके दिवशी उठून त्यांनी न्हाणीघराच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं आणि त्या दिवसापासून घरातली करकर हळूहळू संपत गेली. पंखा झाला, कपाट झालं, कात्री झाली. मास्तरांची फिरती खुर्ची इतकी सैल झाली, की वह्या तपासताना शिंक आली तर मास्तर खिडकीकडे तोंड करून थांबायचे. छत्री तर हात लावायच्या आधीच उघडायला लागली.

"यंत्र ओरडतं म्हणजे त्याला तहान लागलेली असते," सासरे म्हणत.

"बाबांना काही बोलू नका," बायको स्वयंपाकघरात हळूच म्हणे. "निदान उठून चालायला तरी लागलेत."

मास्तर काही बोलत नसत. तसा त्यांचा स्वभावच होता. समोरच्याचं मन मोडायची वेळ आली, की ते त्यापेक्षा आपलंच काहीतरी मोडून घेत.

दुसऱ्या दिवशी शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. तो मास्तरांनी पंधरा दिवस खपून बसवला होता. मैदानावर चुन्याची एक रेघ, तिच्यापासून अडीच मीटरवर दुसरी आणि दहा मीटरवर तिसरी. गाडी ताशी वीसने आली आणि पहिल्या रेघेवर ब्रेक दाबला, तर दुसरीपाशी थांबते. चाळीसने आली तर तिसरीपाशी. वेग दुप्पट केला की थांबायला जागा चौपट लागते, हे मुलांनी पुस्तकात घोकण्याऐवजी डोळ्यांनी पाहावं, अशी मास्तरांची इच्छा होती. गाडी अर्थात त्यांचीच होती. जुनी असली तरी भरवशाची. फक्त ब्रेक दाबला की पुढची चाकं अशी किंचाळायची, की शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणायचे, "माझ्याकडचे पेशंटसुद्धा एवढे ओरडत नाहीत." घाबरण्यासारखं काही नाही, सवडीने पॅड बदलू, असं गॅरेजवाल्याने सांगितलं होतं.

शाळा रस्त्यापलीकडेच होती. सकाळी मास्तरांनी गाडी काढली आणि पहिल्याच गिअरमध्ये शाळेच्या फाटकाच्या चढावर नेली. तिथे ती आपसूक मंदावली. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, तर आवाज नाही. इतक्या लोकांसमोर किंचाळणार नाही, नशीबच म्हणायचं, असं वाटून मास्तरांना बरं वाटलं.

प्रमुख पाहुणे म्हणजे वाहतूक खात्याचे साहेब. ते दीड तास उशिरा आले. तोवर दोरीमागे उभी असलेली मुलं उन्हाने कावली होती. साहेब मैदानाच्या टोकाला भिंतीपुढे मांडलेल्या टेबलाशी बसले, तशा मुख्याध्यापिकाबाई लगबगीने गाडीपाशी आल्या.

"सर, वीसचं राहू दे. थेट चाळीसचं दाखवा. साहेबांना पुढे जायचंय."

"मॅडम, आधी वीसचं बघायला हवं. पायरीपायरीने गेलेलं बरं. जरा थांबू या का?"

"सर, आज गाडी थांबवायचा कार्यक्रम आहे. कार्यक्रम थांबवायचा नाही."

मास्तर 'बरं' म्हणाले.

चाळीसचा काटा गाठून त्यांनी पहिल्या रेघेवर ब्रेक दाबला, तो अगदी तळापर्यंत. गाडी थोडीशी रेंगाळली आणि पुन्हा आपल्या वाटेने निघाली. दहा मीटरची रेघ चाकांखालून निघून गेली. त्या क्षणी मास्तरांना सासऱ्यांचे हात आठवले आणि सगळं लख्ख कळलं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत घट्ट धरायची, एवढंच ब्रेकचं काम. ती चिमटी ओशट झाली तर साबण लावलेल्या हाताने मासा धरण्यातली गत. पुढच्या चाकांच्या चकत्या फटीतून दिसतात, म्हणून कुपीची चोच तिथे पोचली. मागचे ब्रेक बंद डब्यात असतात, म्हणून ते वाचले. पण थांबताना गाडीचा भार पुढे पडतो आणि थांबवायचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात, हे त्यांनीच मुलांना मागच्या आठवड्यात फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्यांनी हातब्रेक ओढला. तोही मागच्याच चाकांचा. बुडत्याला बुडत्याचा आधार.

गाडी साहेबांच्या टेबलाला लागली ती तशी हळूच. टेबल दोन हात मागे सरकलं आणि साहेबांच्या पोटाशी जाऊन थांबलं. तांब्या कलंडला आणि त्यातलं पाणी साहेबांच्या मांडीवर गेलं. मागे भिंत आणि पुढे टेबल असल्यामुळे साहेबांना उठता येईना. त्यांनी तसंच बसून मास्तरांकडे पाहिलं. काचेआडून मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. 

तेवढ्यात फीत धरून बसलेल्या नववीतल्या मुलीने मोठ्याने आकडा वाचला. "एकतीस मीटर."

सगळ्यांनी मिळून टेबल ओढलं आणि साहेबांना मोकळं केलं. मास्तर खाली उतरून माफी मागत होते, तेव्हा ती मुलगी वही घेऊन आली.

"सर, घर्षणाचा गुणांक शून्य पूर्णांक दोन येतोय. तुम्ही तर शून्य पूर्णांक सात सांगितला होता. आमचं गणित चुकलं का?"

साहेब, मुख्याध्यापिकाबाई आणि दोनशे मुलं उत्तराची वाट पाहत होती. चुकलं म्हणाले असते तर मास्तर सुटले असते. पण त्यांच्या तोंडून बरोबर गणिताला चूक म्हणवेना.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं."

साहेब ओल्या विजारीने निघून गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी मास्तरांना दोन दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं. विज्ञान विभागाचं प्रमुखपद मास्तरांना पुढच्या महिन्यात मिळायचं होतं. त्याचं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही.

गॅरेजवाला गाडी ओढून घेऊन गेला. मास्तर चालत घरी आले. आज सासऱ्यांशी स्पष्ट बोलायचं, असं त्यांनी रस्ता ओलांडताना ठरवलं होतं. दार सासऱ्यांनीच उघडलं. बहुतेक ते तिथेच उभे असावेत.

"आला का आवाज?"

"नाही आला," मास्तर म्हणाले.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. आतून बायको मास्तरांकडे बघत होती. गाडी लागल्याची बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती, कारण मात्र पोचलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली, बाबांना काळजीत टाकू नका म्हणून.

"मग गाडी कुठाय?"

"जरा लागली, बाबा. माझाच पाय घसरला पेडलवरून."

सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू. यंत्र कितीही चांगलं असलं तरी चालवणाऱ्याचा पाय बसावा लागतो. आमच्याकडे शिंपी यायचे, मशीन बिघडलंय म्हणायचे. मशीनला काही झालेलं नसायचं. पायच वाकडा." आणि त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवून, पाय कसा टाकावा, टाच कुठे टेकवावी, हे अर्धा तास शिकवलं. मास्तरांनी ते शिकून घेतलं. मग त्यांनी खुलासा लिहिला. 'सदर प्रकार माझ्या हलगर्जीपणामुळे घडला.' स्वतःच्या अक्षरातलं ते वाक्य वाचून त्यांना ते जवळजवळ खरं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन आली, तेव्हा ती खुशीत होती.

"बाबा आज उजाडताच खाली गेलेत. तुमच्या गाडीचा आवाज गेला ना, तर म्हणाले बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्याच गाड्यांना घालून टाकतो. किती दिवसांनी एवढा उत्साह आलाय त्यांना."

मास्तरांनी कप खाली ठेवला. तो बशीत पडला की जमिनीवर, हे पाहायला ते थांबले नाहीत.

खाली सात गाड्या होत्या. दातांचे डॉक्टर गाडी सुरू करून फाटकाकडे निघालेही होते. मास्तर धावत जाऊन दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही गाडी थांबणार नाही हे सबंध बिल्डिंगमध्ये ज्या एकट्याला माहीत आहे, तो समोर उभा आहे. ते बाजूला सरले आणि तिथून ओरडू लागले. डॉक्टरांची गाडी फाटकाच्या खांबाला टेकून थांबली.

"मास्तर, हे काय चाललंय सकाळी सकाळी?"

"कोणी गाडी काढू नका. सगळ्यांच्या ब्रेकना तेल लागलंय."

पाच मिनिटांत सगळे खाली जमले. बँकेत जाणारे शेजारी टाय बांधता बांधता आले.

"तेल कसं लागेल? कोणी घातलं?"

मास्तरांनी वर पाहिलं. सासरे एव्हाना वर जाऊन गॅलरीत उभे होते.

"मी," मास्तर म्हणाले. "आवाज येत होता म्हणून."

"ब्रेकला तेल?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सायन्स शिकवता ना हो?"

"आमची मुलगी यांच्याकडेच शिकवणीला येते," बँकवाले बाकीच्यांकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता.

मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. ऐकण्यासारखं पुष्कळ होतं. ते संपत आलं तेव्हा मागे चपला वाजल्या. सासरे खाली आले होते.

"त्यांनी नाही घातलं. मी घातलं," ते सगळ्यांना म्हणाले. मग मास्तरांकडे वळले. "काल शाळेत गाडी लागली, ती या तेलानंच ना?"

मास्तर डॉक्टरांच्या गाडीच्या चाकाकडे बघू लागले.

"बोला की."

"हो."

सासऱ्यांनी हातातल्या कुपीची चोच बोटाने पुसली. "चाळीस वर्षं दुकान केलं. काम चुकलं तर गिऱ्हाईक तोंडावर सांगून जायचं. शिव्यासुद्धा द्यायचं. मी पुन्हा उघडून नीट करून द्यायचो. तुम्ही मला घरात घेतलंत, जेवायला घालता, सगळं करता. पण गिऱ्हाईकाइतकं खरं काही तुम्ही मला सांगत नाही."

 बँकवाले उगीचच टायची गाठ सैल करू लागले. कुणीतरी गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याने येऊन सातही गाड्यांची पुढची चाकं उतरवली, चकत्या पुसल्या आणि सांगितलं, "वरचं तेल पुसलं जातं. पण पॅड जे पिऊन बसलेत ते काही बाहेर येत नाही. सगळे बदलावे लागतील." सासरे त्याच्याशेजारी उकिडवे बसून प्रत्येक पॅड हातात घेऊन बघत होते. ब्रेक कसा धरतो, तेल तिथे का चालत नाही, हे त्यांनी त्याच्याकडून दोनदा समजून घेतलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच डॉक्टरांना समजावून सांगत होते.

मास्तर शाळेत उशिरा पोचले. कालचा खुलासा त्यांनी वाटेतच फाडून टाकला होता. शिक्षकांच्या खोलीत बसून त्यांनी नवा लिहिला आणि त्यात सगळं जसंच्या तसं सांगितलं. शिलाई मशीनचं दुकान, तीन महिने, कुपी, सातही गाड्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मनाचा विचार न करता ते खरं लिहीत होते. 

मुख्याध्यापिकाबाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, तुम्हाला मी साधा माणूस समजत होते," त्या म्हणाल्या. "स्वतःची चूक झाकायला म्हाताऱ्या सासऱ्यांना पुढे करता? तेही बायकोची आई जाऊन तीन महिने झाले असताना?"

"मॅडम, हे खरं आहे."

"घ्या हा कागद परत. माझ्या हलगर्जीपणामुळे झालं, असं सरळ लिहून आणा. तेवढं तरी मोठेपण दाखवा."

मास्तरांनी कोरा कागद मागून घेतला. बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून कालचं वाक्य जसंच्या तसं उतरवून काढलं आणि खाली सही केली. बाईंनी ते वाचलं आणि समाधानाने मान हलवली.

"बघा," त्या म्हणाल्या, "खरं बोलायला किती कमी शब्द लागतात."