डोळे मिटलेला वाघ

पेंटरने भिंतीवर वाघ काढला तो निजलेला, कारण त्याला डोळे काढता येत नसत. ही गोष्ट जगात फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती.

आयुष्यभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दुसऱ्याचं नाव हातभर मोठं करायचं आणि स्वतःचं कोपऱ्यात मुंगीएवढं. परदेशातल्या मुलांच्या खोल्या फुकट रंगवायला एक मंडळ निघालं, तेव्हा बायकोला घेऊन तोही निघाला. मंडळात सगळे हौशे; ब्रश भिजवायच्या आधी फोटो काढणारे. "जनावरं म्हणजे माझ्या हातचा मळ," असं त्याने विमानातच ठोकून दिलं. मग काय, एका बालवाडीची निजायची खोली त्याच्या गळ्यात पडली.

वाघ मात्र देखणा झाला. उंच गवतात अंगाचं मुटकुळं करून, पंजावर हनुवटी टेकून पडलेला. दुपारी पडद्याची सावली हलली की त्याचं पोट खालीवर होतंय असं वाटे. काढणाऱ्यालाही वाटे.

पोरं दंगा करत आत शिरली, वाघ पाहिला आणि गपगार झाली. सगळ्यांत धाकट्या पोरीने ओठांवर बोट ठेवलं. चवड्यांवर चालत एकेक पोर आपल्या गादीवर गेलं आणि निजलं.

बालवाडीच्या मोठ्या बाई हरखल्या. पण पोरं जेवतानाही कुजबुजू लागली. चमचा ताटलीला लागला की सगळी दचकून त्या खोलीकडे बघत. गाण्याच्या बाईंपुढे नुसते ओठ हलू लागले. एकाचा गुडघा फुटला, तर त्याने स्वतःचं तोंड दाबून धरून रडून घेतलं. फोनची घंटा मोठ्या बाईंनीच कापडात गुंडाळली. मग आईबाप येऊन धडकले. पोरं घरीही आवाज काढीनात. म्हणत, वाघापर्यंत ऐकू जाईल.

मोठ्या बाई पेंटरवर भडकल्या. बराच वेळ भडकल्या, पण हळू आवाजात. तिथली भाषा फक्त बायकोला यायची.

"काय म्हणतायत?"

"उद्या सकाळपर्यंत वाघ जागा करा, नाहीतर भिंतीला पांढरा रंग फासणार."

"एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंच?"

"बाकीचं तुमच्याबद्दल होतं."

"त्यांना म्हणावं, चित्राला भ्यायचं तर भिंती बांधल्या कशाला!"

बायकोने गोड हसून बाईंना काहीतरी सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

"काय सांगितलंस?"

"होईल म्हटलं."

मंडळाच्या म्होरक्याने पेंटरच्या पाठीवर थाप मारली. "दोन डोळे तर काढायचेत! सकाळी कॅमेरा घेऊन येतो."

"कॅमेऱ्यालाच काढायला सांगा की," पेंटर फणकारला.

पोरं घरी गेल्यावर त्याने पुठ्ठ्यावर डोळे काढून पाहिले. एक छताकडे बघत होता, दुसरा दाराकडे.

"अगदी तुमचे थोरले बंधू," बायको म्हणाली. "रागावले की कुणावर रागावलेत, ते जेवणं होईपर्यंत कळायचं नाही."

"दात काढू नकोस. जन्मात पहिल्यांदा अक्षर सोडून काही काढलं मी. त्याच्यावर पांढरा फासतील ते!"

"मग जमत नाही म्हणून सांगून टाका."

"जीव गेला तरी नाही."

बायको एका चिमुकल्या गादीवर टेकली. बराच वेळ वाघाकडे बघत राहिली. "अहो, जागा झाला की वाघ करतो काय?"

"काय करतो?"

"निघून जातो. तुम्ही नाही का, उठलात की चहा व्हायच्या आत बाहेर? मागे नुसतं चुरगळलेलं अंथरूण."

पेंटरने हिरव्या रंगाचा डबा उघडला. एकेक पट्टा गवताखाली जाऊ लागला, तसं त्याला घरातलं माणूस निरोप न घेता निघाल्यासारखं वाटलं. शेवटी उरलं ते दबलेलं गवत आणि अजून ऊब असावी असा एक खळगा.

सकाळी पोरं चवड्यांवर आत आली आणि थबकली. धाकटी पोरगी घसा फाडून ओरडली. काय ओरडली ते सांगायला पेंटरला बायको लागली नाही. मग जी रणधुमाळी माजली! गाद्या उलट्या झाल्या, कपाटं उघडली, कोटांचे खिसेसुद्धा तपासले गेले. गाण्याच्या बाईंच्या डोळ्यांत तो कलकलाट ऐकून पाणी आलं.

म्होरक्या कॅमेरा घेऊन उभा. "अहो, वाघ कुठाय?"

"उशीर केलात," पेंटर म्हणाला.

संध्याकाळी बालवाडी बंद करताना मोठ्या बाई एकट्याच त्याच्यापाशी आल्या. हातात किल्ली. इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात काहीतरी बोलल्या. बायको हसली नाही.

"म्हणतायत, मागची कोठी तेवढी कुणी पाहिली नाही. तुम्ही बघाल का?"

पेंटरला हसू आवरेना. एवढी शाळा हाकणारी बाई, आणि डबाभर रंगाला भिते! त्याने ऐटीत किल्ली घेतली, बोळ ओलांडला आणि कोठीच्या दाराशी गेला. आत अगदी सामसूम होती.

कुलूप काढण्याआधी त्याने दारावर हळूच टकटक केलं.