राजधरआप्पांचे भाऊबंद

राजधरआप्पांना अनोळखी माणूस सहनच होत नाही. कुणी समोर आला की आधी गाव विचारतात आणि चहा निवायच्या आत त्याला नात्यात बसवतात. सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीत फरसाण विकणाऱ्या रमीलाबेन त्यांच्या बहीण. दंड करायला आलेला वाहतूक पोलीस मेहसाण्याकडचा निघाला, तरी आप्पांनी त्याला मावसभाऊ करून टाकलं. "आपलाच मानूस शे!" त्याने पावती फाडलीच. आप्पा म्हणाले, "घरना लोकेच जास्ती तरास देतस."

मी त्यांचा खराखुरा चुलतभाऊ. त्यांना माझ्याइतकं कुणी फसवलं नसेल.

आमच्या खानदेशात श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात आणि तो रोट भाऊबंदांशिवाय कुणी खात नाही. मूठ पडली, म्हणजे तुम्ही घरचे. लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, सुट्टी मिळत नाही, म्हणून आप्पा गावाला जात नाहीत, मी जातो. परतलो की उधना स्टेशनवरच ते विचारतात, "सुपडू, टाकी का त्यासनी मनी मूठ?"

"टाकी ना, आप्पा."

टाकत नाहीत. 'तो आता सुरतचा झाला,' म्हणत त्यांच्या थोरल्या भावाने ती कधीच बंद केली. माझी पडते, कारण मी समोर बसलेला असतो. तिथे मी तोंड उघडलं नाही आणि इथे खरं बोललो नाही.

यंदा आप्पांनी कानबाई नवागामच्या खोलीतच बसवली. गहू काढताना त्यांनी वरच्या मजल्यावरच्या प्रधानच्या नावानेही मूठ भरली. प्रधान ओडिशाचा, त्यांच्याच खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूमचा सांचा चालवतो.

"आप्पा, रोट भाऊबंदच खातस ना?" मी हळूच म्हणालो.

"मंग तो कोन शे? माले टायफॉइड व्हयना तव्हय मना सांचा कोनी चालाडा? तू?"

 मग मी एकदाचं सांगून टाकलं, की गावाला त्यांची मूठ पडत नाही, मी दर वर्षी खोटं बोलत आलो.

आप्पांनी सुपातला एक खडा वेचला.

"माले माहीत शे."

"मंग दरसाल इचारतस कसाले?"

"तू 'टाकी' म्हनस ना," ते म्हणाले, "ते आयकाले बरं वाटस."