काळ्या यादीतला चन्नबसप्पा

आमच्या पंचायत समितीत माझ्या सहीशिवाय ठेकेदाराचं पान हलत नसे. ही बढाई आहे, पण खरी आहे! टेंडरच्या टेबलावर बावीस वर्षं काढली, ठेकेदाराच्या चहाला कधी ओठ लावला नाही आणि काळ्या यादीतला एकही माणूस हातून निसटू दिला नाही. "लिंबाजी म्हणजे मैद्याची चाळणी," असं आमचे गटविकास अधिकारी व्यंकटराव साहेब चारचौघांत म्हणत. चाळणीला भोकं असतात, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अठ्ठ्याऐंशी साल होतं. देवगाव फाट्यापासून दोन कोस आत काजळवाडी नावाचं गाव. तिथली शाळा महादेवाच्या देवळात, मंडपात भरायची. सोमवारी अभिषेक आला की पोरं पाटीदप्तरासकट बाहेर उन्हात. अशा गावाला दिल्लीहून दोन खोल्या मंजूर झाल्या आणि सोबत चार पानं अटी आल्या. पैसा केंद्राचा, म्हणून काम देण्याआधी ठेकेदाराचं नाव बंदी घातलेल्यांच्या यादीशी ताडून पाहायचं आणि तो पात्र असल्याचा दाखला फायलीला लावायचा. अपात्र माणसाला काम दिलं तर पैसा परत. एकतीस मार्चच्या आत आदेश निघाला नाही तरी परत. दाखल्यावर सही कुणाची? माझी!

टेंडरं दोनच आली. कमी दराचं होतं चारठाण्याच्या चन्नबसप्पाचं. पस्तिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं बांधलेलं काही ढासळलं असं कुणी ऐकलं नव्हतं. मी कपाटातून यादी काढली. ही यादी जुनीवरून नवी, नवीवरून आणखी नवी अशी उतरवत आलेली. सातव्या पानावर बोट थांबलं. 'चन्नबसप्पा शिवरुद्र, मु. चारठाणा. १३५६. काम अर्धवट सोडले, हुकूम मानला नाही.' टेंडरवरही तेच नाव, तेच गाव! १३५६ हा जावक क्रमांक असणार, असं मी समजलो. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी स्वतःच्या पैशानं दोन कप चहा प्यालो.

चन्नबसप्पाला बोलावून यादी समोर धरली. त्यानं ती दोनदा वाचली.

"साहेब, हे मी न्हाई. हे माझे आजोबा हायत."

कुठं आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाला, माझ्या जन्माआधीच वारले. मी मृत्यूचा दाखला मागितला. रझाकाराच्या धामधुमीत गेलेल्या माणसाचा दाखला कोण ठेवतो, असं तो म्हणाला.

"मग ते वारले हे मी कशावरून धरू?"

"साहेब, ते जिते असते तर माझं नाव चन्नबसप्पा कशाला ठेवलं असतं?"

हे आमच्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. आजोबा गेले की त्यांचं नाव नातवाला द्यायचं. घराण्यात दोनच नावं आळीपाळीनं फिरत राहतात. मी स्वतः लिंबाजी चंद्रभान, माझे आजोबाही लिंबाजी चंद्रभान, आणि वडील गेल्यावर झालेला मुलगा चंद्रभान! पण रिवाज फायलीला लावता येत नाही. तसं मी त्याला ऐकवलं.

आठवड्यानं तो आईला, शांतम्माला घेऊन आला. तिनं कापडात गुंडाळलेला एक पिवळा कागद माझ्या टेबलावर ठेवला. "सासऱ्याचा कागद हाय, बाबा. ह्यात समदं लिवलंय." कागद उर्दूत होता. आमचा कारभार मराठीत. मी तो फायलीला लावला आणि अधिकृत भाषांतर आणायला सांगितलं. हाताच्या अंतरावर आमचे म्हातारे दफ्तरी खाजामियाँ गठ्ठे बांधत बसले होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पण दफ्तरी म्हणजे काही अधिकृत भाषांतरकार नव्हे, म्हणून मी त्यांना विचारलं नाही. ते दोनदा मुद्दाम खाकरले. मी त्यांना खोकल्याचं औषध सांगितलं.

मार्च संपत आला. राहिलं दुसरं टेंडर. ते कमलबाई नावाच्या बाईंचं होतं. यादी तीनदा वाचली, कमलबाई कुठंच नाही. टेंडर आणून देणारा, बोलणारा आणि दर महिन्याला येऊन नमस्कार घालणारा तिचा नवरा बन्सीधर. बाईंना कुणी पाहिलं नव्हतं. त्या घरकामात असतात, असं तो सांगे. बायका ठेकेदारीत उतरल्या, तालुका पुढं चाललाय, असं मी साहेबांना कौतुकानं म्हणालोसुद्धा! मग लाल पेनानं दाखला लिहिला: 'नाव तपासले. यादीत आढळले नाही. पात्र.'

चन्नबसप्पा तेव्हा व्हरांड्यात बसून होता. उठताना त्यानं एवढंच विचारलं, "त्या खोल्यांला वाळू कुठली आणायलेत?" वाळू माझ्या टेबलाचा विषय नाही, असं मी सांगितलं.

दिवाळीनंतर खोल्या उभ्या राहिल्या. गुरुजींनी पोरांना सांगितलं, आज दुपारी जेवून आलात की नव्या खोलीत बसायचं. सकाळी स्लॅबखालचं सेंट्रिंग काढलं. दुपारी, पोरं घरी जेवत असताना, स्लॅब खाली आला. पोरं परत यायला अर्धा तास होता. तो अर्धा तास मी आजही विसरलेलो नाही.

चौकशी लागली. शेजारच्या जिल्ह्यात पाण्याची टाकी पाडून बन्सीधर आधीच काळ्या यादीत गेलेला होता. आमच्याच यादीच्या तिसऱ्या पानावर त्याचं नाव होतं. मी तिसरं पान तीनदा वाचलं होतं, पण कमलबाईला शोधत! अटीप्रमाणे पैसा दिल्लीला परत गेला.

चौकशीच्या साहेबांनी फायलीतला उर्दू कागद पाहिला आणि हा कुणाला वाचता येतो का, असं विचारलं. खाजामियाँनी या वेळी न खाकरता चष्मा लावला. १३५६ हे फसली साल निघालं. निजामाच्या काळातलं, म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीचं. तेव्हा माझा चन्नबसप्पा जन्मला नव्हता. आणि कागद होता त्याच्या आजोबांचा जबाब. पुलाच्या कामाला ओढ्याची मातट वाळू वापरा, असा वरून हुकूम झाला होता. 'या वाळूत मी पूल उभा करणार नाही, त्यावरून लेकरंबाळं जातील,' असं सांगून त्यांनी काम सोडलं होतं. खाजामियाँनी कागद घडी करून ठेवला.

माझ्या दोन वेतनवाढी बंद झाल्या. त्याचं दुःख बोलून दाखवायलाही तोंड राहिलं नव्हतं. एका रविवारी मी चारठाण्याला निघालो. विद्यापीठाच्या नावावरून मोर्चा होता, एसटी फाट्यावर दोन तास उभी राहिली. तेवढ्या वेळात मी नियमांचं पुस्तक वाचून काढलं. काळ्या यादीतून नाव काढायचं तर ज्याचं नाव आहे त्यानंच समक्ष अर्ज करायचा, असं त्यात होतं.

चन्नबसप्पानं ठेकेदारी सोडून पिठाची गिरणी टाकली होती. मी हात जोडले आणि तो नियमही खाली मान घालून सांगितला. त्यानं पिठाचे हात झटकले.

"राहू द्या, साहेब. आजोबाचं नाव हाय, राहू द्या तिथंच. कशापायी हाय ते आता तुमाला ठावं झालंय."

शांतम्मानं चहा आणला. चन्नबसप्पा आता ठेकेदार नव्हता, म्हणून नियमात बसत होतं. मी प्यालो. गोड लागला नाही.

पुढच्या वर्षी नवी यादी आली. तिच्यात कमलबाई दाखल झाली होती. सातव्या पानावर चन्नबसप्पा जागच्या जागी होते. काजळवाडीची शाळा अजून मंडपात भरते, आणि सोमवारी पोरं बाहेर बसतात.

मी निवृत्त झालो त्या संध्याकाळी चंद्रभानला जवळ बसवलं. म्हणालो, मी गेल्यावर तुला मुलगा झाला तर रिवाज म्हणून माझं नाव ठेवू नकोस. लिंबाजी चंद्रभान या नावापुढं सरकारी दप्तरात शेरा आहे. पन्नास वर्षांनी कुणीतरी चाळणी त्या पोराला अडवील.

चंद्रभाननं पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"बापू, तसंबी लिंबाजी नाव आता कोण ठेवायलंय?"

आता मीच नको म्हटलं होतं. पण खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं.